मालदांडीचा पेला

पुण्यातील एका छोट्या बिअर-भट्टीची बाटली परवा एका स्नेह्याने मोहोळला आणली. चौघांनी ती, अर्थात रीतसर परवान्यानिशी, घरी बसून चाखली. कोणाला संत्र्याच्या सालीचा गंध जाणवला, कोणाला भाजल्या पावाचा. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र विचारले, ‘यात आपल्या मातीचे काय?’

उत्तर ओशाळवाणे होते. जव बाहेरचा, हॉप्स परदेशी. वास्तविक मालदांडी ३५-१ हे रब्बी ज्वारीचे विख्यात वाण निवडले गेले ते याच मोहोळात. ज्वारीची बिअर ही कल्पनाही नवी नव्हे. आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होते. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठ्या कारखान्यांनीही ज्वारीची कास धरली. मोड आलेल्या ज्वारीत पिष्टाची साखर करणारी विकरे जवापेक्षा कमी, ही अडचण खरी. परंतु ती दुस्तर नाही, हे तेथेच सिद्ध झाले.

भाकरीच्या धान्याची दारू करावी काय? २००७ मध्ये राज्य शासनाने धान्यापासून मद्य करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले, तेव्हा उठलेला हा सवाल आजही रास्त आहे. म्हणून अनुदान नको. मात्र मालदांडीला खरा धोका पेल्याचा नसून उसाचा आहे. ज्या पिकाला भाव नाही, ते रानात टिकत नाही. छोट्या भट्ट्यांनी चार पोती चढ्या दराने घेतली, तर भाकरी महागणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र धीर येईल.

तोवर ताकात भिजवलेल्या पिठाची आंबील आहेच. तीही आंबवण्याचीच कला. आणि तिला परवाना लागत नाही.