कादंबरीलेखनकाळातील वाचन : खानदेशातील दोन उदाहरणे

स्वतःची कादंबरी लिहीत असताना लेखकाने इतरांच्या कादंबऱ्या वाचाव्यात काय, हा प्रश्न वरवर पाहता लेखकाच्या खाजगी सवयीचा वाटतो. ‘लिहिताना मी काहीच वाचत नाही’ असे सांगणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ भेटतात. त्यामागे दुसऱ्याची शैली आपल्या वाक्यात उतरेल ही धास्ती असते. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकालाही हा प्रश्न टाळता येत नाही. कारण ‘प्रभाव’ ही संज्ञा आपण प्रबंधांतून सर्रास वापरतो आणि तिच्या मुळाशी, लेखकाने अमुक वाचले म्हणून अमुक लिहिले, असे एक न तपासलेले गृहीत असते.

मराठी कादंबरीच्या बाबतीत हे गृहीत आरंभापासूनच चिकटले आहे. हरिभाऊ आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (1885) रेनॉल्ड्सच्या कादंबरीवरून सुचलेली होती, हे सर्वश्रुत आहे. त्याच हरिभाऊंनी पुढे ‘पण लक्षात कोण घेतो!’ मध्ये यमूच्या तोंडून तिची स्वतःची कहाणी सांगितली. रेनॉल्ड्सच्या वाचनाने ही वाट अडली नाही. फार तर एवढेच म्हणता येईल, की पहिल्या पुस्तकात वाचलेले वर तरंगत होते आणि पुढे ते तळाशी बसले. 1902 मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात युरोपीय कादंबरीच्या पार्श्वभूमीवर मराठी कादंबरीचे परीक्षण केले, तेव्हा वाचनाचा हा मुद्दा समीक्षेतही स्थिर झाला.

या दृष्टीने खानदेशातील सर्वांत बोलके उदाहरण भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (1963) आहे. यावल तालुक्यातील सांगवी हे लेखकाचे गाव. कादंबरीचा नायकही सांगवीकरच. जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (1951) या कादंबरीशी ‘कोसला’ची तुलना अनेकदा झाली आहे. प्रथमपुरुषी निवेदन, शिक्षणव्यवस्थेविषयीचा तिटकारा, ढोंगाची चीड, भावंडाचा मृत्यू ही साम्यस्थळे कोणीही दाखवू शकतो. पण साम्यस्थळांची यादी म्हणजे प्रभावाचा पुरावा नव्हे. सॅलिंजरच्या कादंबरीत ॲलीचा मृत्यू निवेदनाचा काळ सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेला आहे. नायक ती आठवण बाळगत न्यूयॉर्कमध्ये काही दिवस भटकतो. ‘कोसला’त मनीचा मृत्यू कथनाच्या मधोमध येतो आणि तोवरच्या थट्टेखोर निवेदनाची लय तिथे मोडते. होल्डनचा वावर काही दिवसांचा, तर पांडुरंगाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे. पुण्याच्या वसतिगृहातून तो शेवटी परततो तो वडील, शेती आणि घर यांच्या गुंत्यात. हे परतणे सॅलिंजरमधून घेता येण्यासारखे नाही. ते सांगवीतच मिळते.

साम्य शोधायचेच असेल, तर ते कथानकापेक्षा वाक्यरचनेत शोधणे अधिक फलदायी ठरावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘कोसला’च्या गद्यात महानुभाव गद्याचे संस्कार अभ्यासकांनी नोंदविलेले आहेत. म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’ हे तेराव्या शतकातील पुस्तक. त्यातील लीळा म्हणजे एक छोटा प्रसंग : ठिकाण, माणसे, दोनचार वाक्यांचा संवाद आणि भाष्याविना शेवट. प्रसंगामागून प्रसंग येत राहतात. त्यांना कथानकाची दोरी नसते, पण एका व्यक्तीभोवती ते जमा होतात. ‘कोसला’ची बांधणी बारकाईने पाहिली तर रोजनिशीचा भाग असो की वसतिगृहातील भोजनाच्या भानगडी, प्रसंग असेच सुटेसुटे उभे राहतात. सॅलिंजरच्या वाचनाने धीटपणा दिला असेल असे मानले, तरी त्या धीटपणाला वाक्य मिळाले ते सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीतून. समकालीन पुस्तक लेखकाच्या स्वराशी स्पर्धा करते. जुने पुस्तक तशी स्पर्धा करीत नाही, ते आधार देते. लेखनकाळात काय वाचावे, याविषयीचा एक व्यावहारिक निकष येथे सापडतो.

नेमाडे स्वतः इंग्रजीचे अध्यापक. धुळ्यासह अनेक गावी त्यांनी अध्यापन केले. अध्यापक-लेखकाला ‘लिहिताना वाचणार नाही’ असे व्रत घेताच येत नाही. सकाळी वर्गात परक्या भाषेतील पुस्तक शिकवायचे आणि रात्री आपले वाक्य शोधायचे, ही त्याची नित्याची स्थिती. महाविद्यालयांत नोकरी करून लिहिणाऱ्या आपल्या वाचकांना ती वेगळी सांगावयास नको. ‘बिढार’ (1975) पासून पुढील कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हाही इंग्रजीचा प्राध्यापकच आहे. म्हणजे वाचन आणि जगणे यांतील ही ओढाताण टाळण्याऐवजी लेखकाने तिलाच विषय केले. इंग्रजीचा मराठीवरील प्रभाव हाच नेमाडे यांच्या संशोधनाचाही विषय व्हावा, यात विसंगती नाही. (त्यांनी संपादिलेल्या अनियतकालिकाचे नाव ‘वाचा’. वाणी आणि आज्ञार्थ, दोन्ही अर्थ त्यात आहेत.)

दुसरे उदाहरण याहून निराळे. त्यात वाचनाची जागा श्रवणाने घेतली आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या कारागृहात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. त्यानंतर वर्षभराच्या आत, फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या कारागृहात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. एका वक्त्याभोवती जमलेले श्रोते, ठरलेल्या वेळी पुढे सरकणारे कथन, प्रत्येक बैठकीला तिचा स्वतंत्र विषय : ही घडण दोन्ही ठिकाणी आहे. ‘श्यामची आई’त अध्यायांऐवजी ‘रात्री’ आहेत, आणि त्या बेचाळीस आहेत. कीर्तन-पुराणाची परंपरा आणि अंमळनेरच्या छात्रालयातील मुलांशी होणाऱ्या गोष्टी ही या घडणीची आणखी दोन उगमस्थाने होत. त्यामुळे सर्व श्रेय प्रवचनांना देणे अयोग्य ठरेल. तरीही दुसऱ्याचे बोलणे शब्दशः टिपणारा लेखनिक कोणत्याही वाचकापेक्षा अधिक सावध असतो. वाक्य कोठे थांबते, दृष्टान्त केव्हा येतो, श्रोत्याला कोठे विसावा मिळतो, हे त्याच्या हाताला कळते. चार महिने हे काम केलेल्या हाताने पुढे स्वतःची आठवण लिहिली. विचाराने ‘श्यामची आई’ गीताभाष्य होत नाही; पालगडचे घर, दारिद्र्य आणि आई हेच तिचे द्रव्य राहते.

प्रभावाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने येथे एक पथ्य पाळणे आवश्यक वाटते. लेखकाच्या मेजावर कोणती पुस्तके होती, हे पत्रे, रोजनिशा वा मुलाखतींतून सिद्ध होत असेल तरच ते लिहावे. केवळ साम्यावरून वाचन गृहीत धरू नये. आणि वाचन सिद्ध झाले तरी काम तेथे संपत नाही. वाचलेले कोठे बदलले, कोणत्या वाक्यात ते लेखकाच्या गावच्या बोलीला अडखळले, हे दाखवावे लागते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्यांमागे असलेला लेवा बोलीचा श्रुतसंग्रह कोणत्याही ग्रंथसूचीत मावणार नाही. खानदेशातील कादंबरीकाराच्या कानात तोही असतो, आणि त्याची नोंद आपल्या प्रबंधांतील ‘प्रभाव’ प्रकरणांत क्वचितच आढळते.