हाताला कळलेलं
दोन तबलजी भेटले की बोलणं काय होतं? ‘दमट हवेत पुडी उतरते. गजऱ्यावर वरून हलकेच ठोक, समोरासमोरची घरं जुळव.’ आपल्याला वाटतं, यात कसली आलीय विद्या! पण बघा. नुसत्या ताणलेल्या चामड्यातले उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मधल्या शाईच्या वजनाने ते जुळून येतात. सी. व्ही. रामन यांनी हे १९२० साली मांडलं. कारागीर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून शाईचा थर घोटत होता, वाजवून बघत होता, पुन्हा घोटत होता. त्याच्यापाशी होतं ते ज्ञान नव्हतं का? आम्ही जन्मभर ज्ञानमीमांसा शिकवली, आणि हातालाही कळतं हे मानायला सत्तरी उलटावी लागली!