ताकदीची सुई आणि अंगावर उठणारें पित्त

गिरगांव, दादर, परळ, लालबाग यांपैकीं कोणत्याहि भागांतील दवाखान्यांत घटकाभर बसलें, तर "डॉक्टर, ताकदीची सुई द्या" अशी मागणी बहुधा कानीं पडते. ही सुई पुष्कळदां जीवनसत्त्वांची असते. 'ब-१२' जीवनसत्त्वाचें औषध तर लाल रंगावरूनच ओळखूं येतें. त्या जीवनसत्त्वांत कोबाल्ट नांवाचा धातु असतो. अशी सुई घेतल्यावर क्वचित् एखाद्याच्या अंगावर लाल गांधी उठतात, खाज सुटते, ओठ व पापण्या सुजतात. घरांतील वडील माणसें "पित्त उठलें" म्हणून आमसुलाचें पाणी लावतात. गांधी कांहीं तासांत मावळतात, गोष्ट विसरली जाते, आणि पुढील आठवड्यांत दुसरी सुई घेतली जाते. खरा धोका या दुसऱ्या सुईंत आहे.

वस्तुतः या गांधींचा यकृतांतील पित्ताशीं कांहीं संबंध नाहीं. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या पदार्थाला शत्रु समजून ओळखून ठेवते. तो पुन्हां आला कीं त्वचेंतील विशिष्ट पेशी हिस्टामीन नांवाचें द्रव्य सोडतात. त्यामुळें बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतील द्रव झिरपतो व त्वचा फुगून येते. हाच प्रकार सर्व शरीरांत एकदम झाला, तर घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनीं १९०२ सालीं दाखविलें कीं, विषाची जी अल्प मात्रा कुत्र्यानें प्रथम सोसली, जवळजवळ तितकीच मात्रा कांहीं आठवड्यांनीं दिली असतां तो थोड्याच वेळांत दगावला. या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

जीवनसत्त्व तर रोजच्या अन्नांतच असतें. मग शरीराचें त्याच्याशीं वैर कां? पुष्कळदां दोषी जीवनसत्त्व नसतेंच. औषध टिकावें म्हणून घातलेला बेंझिल अल्कोहोल, किंवा 'के' जीवनसत्त्व पाण्यांत मिसळावें म्हणून वापरलेलें एरंडेलापासूनचें द्रव्य, हीं कारणें असूं शकतात. 'के'च्या सुईनंतर तर कधीं कधीं टोचल्या जागीं लाल, खाजरा चट्टा कित्येक दिवसांनीं उमटतो, आणि तोंपर्यंत सुईची आठवणहि राहिलेली नसते! 'ब-१' मात्र स्वतःच असा त्रास देऊं शकतें. अन्नांतून तें दिवसाला सुमारें एक मिलिग्रॅम लागतें. सुईंतून शंभर मिलिग्रॅम एकदम जातें.

येथें परळच्या हाफकिन संस्थेंतील एका कार्याचें स्मरण होतें. १९२८ सालीं लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईंतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करण्यास आल्या. त्यांत गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियाहि होत्या. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, खाण्यास दिल्यानें हा रोग बरा होतो, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें फोलिक ॲसिड म्हणून ओळखलें गेलें. तें पालेभाज्यांतहि असतें. तेव्हां केवळ थकवा आला म्हणून सुई मागण्यापूर्वीं ताटांत काय आहे तें पाहावें.

ज्यांच्या शरीराला अन्नांतील 'ब-१२' शोषतां येत नाहीं, त्यांना मात्र सुई आवश्यक ठरते. त्यांनीं भिऊन उपचार सोडूं नये. एकदां गांधी उठल्या असतील, तर औषधाच्या कुपीवरील पूर्ण नांव लिहून ठेवून डॉक्टरांस दाखवावें. निराळ्या घटकांचें औषध वा गोळ्या देतां येतात. सुईनंतर अर्धा तास दवाखान्यांतच बसावें. श्वास कोंडूं लागला तर आमसूल निरुपयोगी. तेव्हां मांडींत ॲड्रिनलिनच टोचावें लागतें, आणि तें जेथें हाताशीं नसेल तेथें अशी सुई घेऊं नये.