शॉक ट्रीटमेंटची भीती कुठून आली?

घरातील माणूस आठवडेच्या आठवडे बोलत नाही, ताटावरून न जेवता उठतो, मला जगायचे नाही म्हणतो. गोळ्यांनी फरक पडत नाही आणि एके दिवशी डॉक्टर म्हणतात, ‘शॉक द्यावे लागतील.’ मग फोन सुरू होतात. खाला, मामू, शेजारची भाभी, सगळ्यांचे एकच म्हणणे : काहीही करा, पण शॉक देऊ नका. एखाद्या घरात ताबीज-पाणी चालू असते, एखाद्या घरात गोळ्या. शॉक हा शब्द निघाला की दोन्ही घरे सारखीच हादरतात. या भीतीला अडाणीपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही. ती एका खऱ्या इतिहासातून आलेली आहे.

१९३०च्या दशकात युरोपातील वेड्यांची इस्पितळे भरून वाहत होती आणि डॉक्टरांच्या हाती औषध असे नव्हतेच. १९३३ साली व्हिएन्नाच्या मॅनफ्रेड साकेल यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना इन्शुलिन टोचायला सुरुवात केली. मधुमेहामुळे आपल्या घरोघरी ओळखीचे झालेले तेच इन्शुलिन. साखर इतकी खाली आणायची की रुग्ण बेशुद्ध पडावा, मग ग्लुकोज देऊन त्याला परत आणायचे. असे अनेक वेळा. काही रुग्ण परत आलेच नाहीत. पुढच्याच वर्षी बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेडुना यांनी आधी कापूर आणि नंतर कार्डियाझोल नावाचे औषध टोचून मुद्दाम आकडी आणली. आकडी आणि स्किझोफ्रेनिया एकत्र नांदत नाहीत, ही त्यांची समजूत पुढे चुकीची ठरली. टोचल्यानंतर आकडी येईपर्यंतच्या काही क्षणांत रुग्णाला आपण मरतोच आहोत अशी दहशत वाटे.

हीच आकडी विजेने आणता येईल का, हा विचार रोममधील उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांचा. शहराच्या कत्तलखान्यात डुकरांच्या डोक्याला विजेचे चिमटे लावत. चेर्लेत्तींनी पाहिले की विजेने डुक्कर मरत नाही, फक्त आकडी येऊन पडते. १९३८च्या एप्रिलमध्ये त्यांनी पहिला माणूस निवडला. रेल्वे स्टेशनवर असंबद्ध बडबडत फिरताना पोलिसांना सापडलेला. पहिला झटका कमी पडला. तेव्हा तो माणूस एकदम स्पष्ट शब्दांत म्हणाला की पुन्हा करू नका. तरीही केले. तो सुधारला, घरी गेला, आणि नंतर पुन्हा आजारी पडला. सुधारल्याची गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली. तो नको म्हणाला होता, त्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

इन्शुलिनचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. जवळजवळ पंचवीस वर्षे त्यासाठी वेगळे वॉर्ड चालले. मग १९५७ साली ब्रिटनमध्ये एक साधी परीक्षा झाली : काही रुग्णांना इन्शुलिनने बेशुद्ध केले, काहींना झोपेच्या औषधाने. निकाल दोन्हीकडे सारखाच! गुण इन्शुलिनचा नव्हता. तोवर क्लोरप्रोमाझिनही आले होते आणि ते वॉर्ड बंद होत गेले.

विजेचा झटका मात्र टिकला. १९८०च्या आसपास ब्रिटनमध्ये त्याचीही तशीच परीक्षा झाली. काहींना भूल आणि झटका, काहींना नुसतीच भूल. तीव्र नैराश्यात खरा झटका मिळालेले रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत अधिक सुधारले. काही महिन्यांनी मात्र हा फरक विरल्याचेही दिसले. म्हणूनच झटके संपले तरी गोळ्या संपत नाहीत.

त्याच १९५७ साली लंडनच्या न्यायालयात जॉन बोलम यांचा खटला चालला. नैराश्यासाठी ते स्वतःहून फ्रायर्न इस्पितळात दाखल झाले होते. १९५४ साली त्यांना स्नायू शिथिल करणारे औषध न देता झटका दिला गेला आणि आकडीच्या जोराने दोन्ही बाजूंचे खुब्याचे सांधे मोडले. हाडे मोडू शकतात, हे त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते. ते खटला हरले. न्यायाधीशांचे म्हणणे असे की जबाबदार डॉक्टरांचा एक वर्ग जसे वागतो तसे वागणारा डॉक्टर दोषी नाही. ही ‘बोलम कसोटी’ आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली उचलून धरली. नैराश्याने खचलेला माणूस धोक्याविषयी स्वतःहून प्रश्न विचारील, ही अपेक्षाच मला अजब वाटते.

सिनेमाने मात्र एकच चित्र मनावर ठसवले : जागा माणूस, धरून ठेवणारे चौघे, दातांत बोळा. आज भारतात तसे करणे बेकायदा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय झटका देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना तो देण्यासही मनाई आहे. डॉक्टरांना अगदी गरजेचे वाटले तर पालकांची संमती आणि संबंधित मंडळाची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात. रुग्णाला साखळदंडाने बांधण्याची बंदी याच कलमात आहे. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या खासगी आश्रमात आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ जण गेले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

आजची पद्धत अशी. सकाळी उपाशीपोटी नेतात, भूल देतात, ऑक्सिजन लावतात. आकडी एक मिनिटाच्या आत-बाहेर असते आणि अंग फारसे हलत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, बहुधा सहा ते बारा वेळा. खरा त्रास स्मरणशक्तीचा. उपचारांच्या काळातले बरेचसे आठवत नाही, आणि काहींच्या जुन्या आठवणीही कायमच्या जातात. डॉक्टर हे आपणहून सांगत नसतील तर विचारावे. भूल कोण देणार, किती बैठका, त्यानंतर कोणत्या गोळ्या, हेही विचारावे. जो खाणेपिणे सोडून बसला आहे किंवा जिवावर उठला आहे, त्याच्या बाबतीत ही चौकशी त्याच दिवशी करावी, कारण अशा रुग्णाला गोळ्यांचा गुण येईपर्यंतचे आठवडे परवडत नाहीत.

आणि ज्याला हा आजार पुन्हा पुन्हा होतो, त्याला बरे असतानाच लेखी नोंदवून ठेवता येते की पुढे आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. हा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे.