मिरचीच्या माहेरचा मसाला

मिरची म्हणजे तिखट, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. इतकी कीं, वाळलेल्या मिरचीच्या पुडीस आपण 'तिखट' असेंच नांव दिलें आहे. त्यामुळें मोठ्या कुटुंबांत मुलांची व वृद्धांची भाजी आधींच निराळी काढून ठेवावी लागते, आणि ती बिचारी तिखटाबरोबर चवीसही मुकते. परंतु मिरचीचें माहेर जो मेक्सिको देश, तेथील स्वयंपाकाकडे पाहिलें म्हणजे असें दिसून येतें कीं, तिखटपणा हा मिरचीच्या अनेक गुणांपैकीं एक आहे.

मेक्सिकोंत मिरचीची लागवड हजारों वर्षें होत आली आहे. १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर उतरला, आणि पुढें सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची गोव्यास आली. तोंपर्यंत आपले पूर्वज तिखट चवीसाठीं मिरीं, पिंपळी व आलें वापरीत. देवघेव उलट दिशेनेंही झाली. जिरें, कोथिंबीर, कांदा, लसूण व दालचिनी हीं स्पॅनिश लोकांनीं तिकडे नेलीं. म्हणूनच त्या मसाल्याचा वास आपणांस परका वाटत नाहीं.

पद्धति मात्र निराळी आहे. तेथें कित्येक मिरच्या ओल्या असतां एका नांवानें व वाळल्यावर दुसऱ्या नांवानें ओळखल्या जातात, कारण दोहोंची चव भिन्न मानितात. 'पोब्लानो' ही मोठी, सौम्य मिरची पिकून वाळली म्हणजे तिला 'आंचो' म्हणतात. तिला मनुकांसारखी किंचित् गोडी येते. पिकलेली 'हालापेन्यो' धुरावर वाळविली कीं ती 'चिपोत्ले' होते. युकातानकडील प्रसिद्ध लाल मसाल्याचा रंग तर मिरचीचा नव्हेच. तो शेंद्रीच्या बियांचा.

'आंचो' आपल्याकडे सहज मिळत नाहीं. परंतु ब्याडगी मिरची रंगानें गडद व तिखटानें सौम्य असल्यामुळें तिच्यावर हा प्रयोग चांगला साधतो. मिरचीचा जाळ बियांत असतो असें समजतात. वस्तुतः तो मुख्यतः आंतील पांढऱ्या शिरांत असतो. म्हणून आठ मिरच्यांचे देंठ, बिया व शिरा काढाव्या. तापल्या तव्यावर त्या कांहीं क्षणच, वास सुटेपर्यंत, परताव्या. काळ्या पडल्यास वाटण कडू होतें. नंतर वीस मिनिटें गरम पाण्यांत भिजवाव्या. दोन टोमॅटो व तीन लसणीच्या पाकळ्या सालीसकट तव्यावर भाजून सोलाव्या, आणि मिरच्या, अर्धा चमचा जिरें व मीठ यांसह बारीक वाटाव्या. मेक्सिकोंत हें वाटण दगडी पाट्यावर करण्याची जुनी चाल आहे. त्या पाट्यास 'मेताते' म्हणतात.

यापुढची पायरी महत्त्वाची. वाटण तसेंच रश्श्यांत न घालतां, दोन चमचे तेल चांगलें तापवून त्यांत तें दाट होईपर्यंत परतावें. मिरचीचा रंग पाण्यापेक्षां तेलांत अधिक उतरतो, आणि कच्चा वासही जातो. रात्रभर भिजवून मऊ शिजविलेल्या पाव किलो राजम्यांत तें मिसळून दहा मिनिटें उकळावें, व उतरतांना लिंबू पिळून कोथिंबीर घालावी. राजमाही मूळचा अमेरिका खंडांतीलच; तेव्हां ही सोयरीक जुनीच आहे.

मग ज्यांस झणझणीत हवें त्यांचें काय? त्याचेंही उत्तर मेक्सिकोंत आहे. तेथें तिखट चटणी, ज्यास ते 'साल्सा' म्हणतात, ती निराळ्या भांड्यांत जेवणाच्या मेजावर असते, आणि जो तो आपल्या सोसण्याप्रमाणें घेतो. पातेल्यांत मिरचीची चव असावी, आणि जाळ ज्याच्या त्याच्या पानांत वाढावा, एवढी एक रीत आपण उचलली, तर आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांस एकाच पातेल्यांतलें वाढतां येईल. आणि कोणाच्याही वांट्यास बेचव भाजी येणार नाहीं.