गोठ्याचे गॅरेज झाले, पण पंचांग हरवले

पांढुर्णा आणि सौसर परिसरातील जुन्या घरांची रचना आजही ओळखू येते. पुढे अंगण, मग ओसरी, बाजूला किंवा मागे गोठा. बैलजोडी विकली गेली तरी गोठा सहसा मोडला जात नाही. छपरावरील कवेलू, म्हणजे कौले, उतरून पत्रे चढतात, दाराला शटर बसते आणि आत मोटारसायकल, फवारणीचा पंप, विहिरीवरून काढून आणलेली मोटर आणि इन्व्हर्टरची बॅटरी विसावते. हेच आता घरचे गॅरेज. जागा तीच राहिली; मात्र त्या जागेत वर्षभर पाळले जाणारे एक वेळापत्रक बैलांबरोबर निघून गेले. यंत्रे नेमकी गरजेच्या दिवशी का बंद पडतात, भिंतींना दरवर्षी त्याच ठिकाणी तडे का जातात आणि किरकोळ दुरुस्ती करताना माणसे जायबंदी का होतात, या प्रश्नांचे बरेचसे उत्तर त्या हरवलेल्या वेळापत्रकात आहे.

गोमंतकीय वाचकांना हा प्रदेश कदाचित अपरिचित असेल. नागपूरच्या उत्तरेला, महाराष्ट्राची सीमा ओलांडताच ही दोन गावे लागतात. नागपूर-बैतूल रस्त्यावर पांढुर्णा, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौसर. एकेकाळी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीत हिंदी आणि घरात मराठी, अशी येथील अनेक कुटुंबांची रीत आहे. कापूस आणि संत्री ही येथील ओळखीची पिके. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर पोहोचले. परंतु आपल्या विषयासाठी गोटमारीपेक्षा तिच्या आदल्या दोन दिवसांचे महत्त्व अधिक आहे.

सणात दडलेली तपासणी

श्रावण अमावास्येला पोळा येतो. त्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेले खांदे कोमट पाण्याने शेकले जातात, त्यांना तूप आणि हळद लावली जाते. या कृतीमागे कृतज्ञता आहेच. पण खांद्यावरून हात फिरविताना सूज, जखम किंवा घट्टा धन्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या दिवशी बैलांना न्हाऊ घातले जाते, त्या वेळी खूर आणि शिंगे पाहिली जातात. पुढे दसऱ्याच्या सुमारास अवजारे धुऊन-पुसून पूजेला मांडली जातात. पुसताना सैल झालेला दांडा हाताला जाणवतो, फाळाला गेलेली चीर डोळ्यांना दिसते. आधुनिक कारखान्यात ज्याला प्रतिबंधात्मक देखभाल म्हणतात, तिचे हे घरगुती रूप होय. वस्तू बिघडण्याची वाट न पाहता ठरलेल्या दिवशी तिला हात लावणे, हे त्याचे मर्म.

या व्यवस्थेला आर्थिक आधारही होता. बलुतेदारीत सुतार आणि लोहार वर्षभर शेतकऱ्याची अवजारे नीट ठेवीत आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेत. मोबदला वर्षाचा ठरलेला असल्यामुळे अवजार कमी मोडणे हे शेतकऱ्याइतकेच कारागिराच्याही हिताचे होते. जातीच्या चौकटीत माणसाला जखडणारी ती पद्धत गेली, याची खंत करण्याचे कारण नाही. मात्र तिच्याबरोबर हे समान हितही गेले. आज मेकॅनिकला पैसे मिळतात ते यंत्र बंद पडल्यावर. ते बंद पडू नये, याची जबाबदारी आता केवळ घरमालकाची आहे आणि बहुतेक घरांत ती कोणीच उचललेली नाही.

काळी माती आणि घराचा पाया

घराच्या आवाराची निगा राखताना पांढुर्णा-सौसर भागात पहिली गाठ पडते ती कापसाच्या काळ्या मातीशी. या मातीतील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात ते गमावून आक्रसतात. शेतात याच गुणामुळे ओल टिकते. घराखाली मात्र हाच गुण घातक ठरतो. पावसाळ्यात फरशी उचलली जाते, उन्हाळ्यात ती खचते. दरवाजे अडकू लागतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकस तडा निघतो. दरवर्षी तडा सिमेंटने बुजविणाऱ्या माणसाला वाटते की गवंड्याचे काम कच्चे होते. वास्तविक तेथे जमीनच हलत असते.

उपाय भिंतीवर नसून अंगणात आहे. पायाजवळच्या मातीतील ओल शक्य तितकी सारखी राहिली पाहिजे. त्यासाठी छपराचे पाणी भिंतीलगत पडू न देता पन्हळीने दूर न्यावे. भिंतीपासून बाहेरच्या दिशेने अंगणाला दर मीटरला २ ते ५ सेंटिमीटर उतार द्यावा. गॅरेजची फरशी नव्याने करायची असल्यास काळी माती उकरून तेथे मुरूम भरावा आणि तो थराथराने धुमसावा. मोठी झाडे भिंतीला खेटून लावू नयेत, कारण उन्हाळ्यात त्यांची मुळे पायाखालची ओल ओढून घेतात. तडा बुजविण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर तडा रेघेपुढे सरकला नसेल, तर तो बुजविण्यास हरकत नाही. तो वाढत किंवा रुंदावत असेल, तर जाणकार अभियंत्याला दाखवावा.

गोव्यातील तांबड्या, जांभ्या दगडाच्या जमिनीत ही फुगवट नाही. तेथे शत्रू वेगळे आहेत: दमट हवा, समुद्राची खार आणि त्यांमुळे चढणारा गंज. तरीही छपराचे पाणी भिंतीपासून दूर नेण्याचा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

यंत्रांचे खांदे शेकायचे कसे?

गॅरेजमधील प्रत्येक वस्तूचा भार वाहणारा एक ‘खांदा’ असतो. मोटारसायकलचा खांदा म्हणजे तिची साखळी. धूळ आणि जुने ग्रीस मिळून तिच्यावर घासकागदासारखा थर चढतो. इंजिन बंद ठेवून ती ब्रशने स्वच्छ करावी, कोरडी पुसावी, मग तेल द्यावे. ताण किती ठेवायचा, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. इंजिन चालू ठेवून साखळी पुसणे हा बोटे गमावण्याचा मार्ग आहे.

विजेच्या उपकरणांचा खांदा म्हणजे अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि गळणारा प्रवाह जमिनीत शिरण्याऐवजी माणसाच्या शरीरातून वाट काढू शकतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालावे. गॅरेजच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच बसवून घ्यावा आणि त्यावरील चाचणीचे बटन दाबून तो तुटतो की नाही, हे वेळोवेळी पाहावे. मोटरच्या पेटीतील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही काळ भारित राहतो. त्याला हात लावण्याचे काम वायरमनकडेच सोपवावे.

फवारणीच्या पंपाबाबत तर हयगय नकोच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेमागे अनेक कारणे होती. पण गळका पंप आणि तुंबलेले नोझल कोणत्याही फवारणीचा धोका वाढवितात. नोझल तोंडाने फुंकून साफ करण्याची सवय अजून गेलेली नाही. ते पाण्यात ठेवून मऊ ब्रशने साफ करावे. तारेने टोचल्यास छिद्र मोठे होऊन फवारा बिघडतो. हातमोजे घालून पंप शेतातच तीन वेळा धुवावा, पण ते पाणी विहीर किंवा नाल्याजवळ टाकू नये. वासराचा चारा किंवा घरातील धान्य असलेल्या खोलीत पंप ठेवू नये.

तीन गोष्टी गॅरेजच्या दारावरच लिहून ठेवाव्यात. शटर बंद असताना इंजिन चालू ठेवायचे नाही, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचे नाही. तिला पक्के स्टँड लावायचे. बॅटरीजवळ काडी ओढायची नाही, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

वर्षाचे चार दिवस

हे सारे ध्यानात ठेवणे कठीण वाटत असेल, तर नवे वेळापत्रक आखण्याची गरज नाही. जुनेच हाती घ्यावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागण्यापूर्वी छप्पर, पन्हळ, नाली आणि अंगणाचा उतार पाहावा. पोळ्याला वाहनांची साखळी, ब्रेक, टायर आणि फवारणीचा पंप पाहावा. फवारणीचा हंगाम त्या वेळी ऐन भरात असतो. दसऱ्याला पाने, पक्कड, कुऱ्हाड, कोयता यांचा गंज काढून तेलाचा हात फिरवावा, सैल दांडे बदलावेत. होळीच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वी, अर्थिंग, मोटर आणि बॅटरीतील पाण्याची पातळी तपासावी आणि भिंतीवरील तड्यांच्या तारखा वाचाव्यात.

गोव्यात पोळ्याऐवजी चवथीच्या आधीची साफसफाई हा दुसरा दिवस मानता येईल. दसऱ्याला वाहनांना झेंडूच्या माळा तेथेही चढतात. माळ घालण्यापूर्वी चाकाखाली वाकून ब्रेकची तार एकदा पाहिली, तर त्या पूजेत काही उणे राहणार नाही. पांढुर्ण्याच्या गोठ्यात बैलाच्या खांद्यावरून फिरणारा हात दुसरे काय करीत होता?