सेकंदाचा दोनहजारावा भाग

जासईहून गव्हाण फाटा, बेलापूर करत खारघरला पोहोचलं की डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स लागतं. तिथे कधी गेलात तर ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेला थांबून आखूड फटके बघा. चेंडू 45.93 ग्रॅमपेक्षा जड असून चालत नाही, खळगा जेमतेम 108 मिलिमीटर रुंद, आणि वीस-तीस पावलांवरून तो चेंडू खळग्याशी नेऊन थांबवायचा!

त्याच्या दोन रीती आहेत. चिप थोडी उडते आणि बरीच घरंगळते. पिच उंच जाते, ग्रीनवर टेकते आणि लवकर थांबते.

आता गंमत बघा. चेंडू वर जायला हवा असेल, तर काठी खाली उतरत यावी लागते. पिचिंग वेज या काठीचं पातं साधारण 46 अंश मागे कललेलं असतं, लॉब वेजचं 60. काठी खाली उतरते, चेंडू त्या उतारावरून वर निसटतो, आणि पात्याशी होणाऱ्या घर्षणाने त्याला उलटी फिरकी मिळते. पात्याचा आणि चेंडूचा हा स्पर्श साधारण सेकंदाच्या दोनहजाराव्या भागात उरकतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला आपल्याला जवळपास 200 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात असे चारशे स्पर्श होऊन जातील!

म्हणून ऐन फटक्याच्या वेळी मनगटाने चेंडू उचलू पाहणं व्यर्थ असतं. त्या धडपडीत काठी एक तर आधीच मातीत रुतते, नाहीतर तिची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि तो ग्रीनपार सुसाट जातो. जे करायचं ते आधीच: वजन पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, नजर चेंडू टेकवायच्या जागेवर.

आपल्याकडच्या पावसात यात आणखी एक भर पडते. ओलं गवत पातं आणि चेंडू यांच्यामध्ये आलं की पकड सुटते आणि फिरकी घटते. मऊ मातीत काठी रुतण्याचा धोकाही वाढतो. त्यावर उपाय आहे सँड वेजच्या जाड, गोलसर तळाचा. गोल्फपटू जीन सॅराझेनने असा तळ असलेली काठी घेऊन 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. धार आत घुसण्याआधीच तळ जमिनीवरून सरकतो.

सरावासाठी ग्रीनवर एक टॉवेल पसरा. सात नंबरची आयर्न, पिचिंग वेज आणि सँड वेज अशा तिन्ही काठ्यांनी चेंडू त्याच टॉवेलवर टेकवा आणि प्रत्येक वेळी तो पुढे किती घरंगळतो ते पाहा. काठी एकच असली तरी बिघडत नाही: स्पेनचा गोल्फपटू सेवे बॅलेस्टेरोस याने लहानपणी समुद्राच्या वाळूत एकाच तीन नंबरच्या आयर्नने नाना फटके शोधले होते. आखूड फटक्यांना ताकद लागत नाही; दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आजोबा ते सारख्याच नजाकतीने शिकू शकतात. चेंडू उचलायचं काम पात्यावर सोपवा, तो टेकवायचा कुठे एवढं तुम्ही ठरवा.